भूगोलाच्या अभ्यासक्रमात कॅरिबियनला जागा द्या : अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठांच्या भूगोल अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,

स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांची फेररचना करण्याचे काम सध्या आपल्या मंडळांपुढे आहे. सुदूर संवेदन, भौगोलिक माहिती प्रणाली आणि आपत्ती व्यवस्थापन या विषयांचे श्रेयांक त्यात वाढत आहेत, आणि विद्यार्थ्यांच्या रोजगाराचा विचार करता ते योग्यच आहे. मात्र मानवी भूगोलाच्या वाट्याला जे उरते, त्यात लोकसंख्या, वस्त्यांचे प्रकार, भाषा आणि धर्म यांचे वितरण एवढेच बहुधा राहते. साम्राज्यांनी जमीन, नकाशे आणि माणसे यांची जी उलथापालथ केली, तिचा अभ्यास करणारा वसाहतोत्तर भूगोल एखाद्या परिच्छेदात आटोपतो किंवा येतच नाही. हा प्रवाह अभ्यासक्रमात रीतसर आणावा, आणि तो कॅरिबियन बेटांच्या उदाहरणांतून शिकवावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कॅरिबियनच का, हा प्रश्न आपण विचाराल. या बेटांवरचे मूळ रहिवासी युरोपीय आक्रमणानंतर बहुतांशी नष्ट झाले. मग उसासाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून आणली गेली, आणि गुलामगिरी संपल्यावर भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, नेले गेले. जमीन कोणाची, श्रम कोणाचे, नकाशा कोणी काढला आणि गाणे कोणी रचले हे चारही प्रश्न तिथे इतके एकमेकांत गुंतलेले आहेत, की एकाचा अभ्यास दुसऱ्याला सोडून करताच येत नाही. गेल्या काही दशकांत ज्या भूगोलतज्ज्ञांनी या बेटांवर आयुष्य वेचले, त्यांचे काम मी आपल्यापुढे ठेवतो. एखादी ज्ञानशाखा काय करू शकते, हे तिच्या व्याख्येपेक्षा तिच्यात राबणाऱ्यांच्या कारकिर्दीतून अधिक स्वच्छ दिसते.

डेव्हिड लॅम्बर्ट हे मूळचे भूगोलाचे अभ्यासक. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात भूगोल शिकवल्यानंतर ते वॉरिक विद्यापीठात कॅरिबियन इतिहासाचे प्राध्यापक झाले. त्यांनी सुरुवातीला गुलामगिरीविरोधी चळवळीच्या काळातील बार्बाडोसच्या गोऱ्या मळेवाल्यांचा अभ्यास केला आणि २०१३ साली जेम्स मॅक्क्वीन या माणसावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला ही कथा ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदी कुठे जाते, हा युरोपीय भूगोलापुढचा मोठा प्रश्न होता. मुंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाने १७९६ साली सेगूजवळ ती पूर्वेकडे वाहताना पाहिली होती. पण पुढे ती समुद्राला मिळते, नाईलला मिळते, की आफ्रिकेच्या पोटातच जिरते, यावर एकमत नव्हते. पार्कच्या प्रवासवर्णनासाठी नकाशा काढला जेम्स रेनेल यांनी. हेच ते रेनेल, ज्यांना बंगालचे सर्व्हेअर जनरल आणि हिंदुस्थानच्या पहिल्या विश्वसनीय नकाशाचे कर्ते म्हणून आपण भौगोलिक विचारांच्या इतिहासात शिकवतो. त्यांच्या मते नायजर अंतर्भागातील एका दलदलीच्या प्रदेशात संपत होती. शिवाय त्यांनी त्या नकाशावर कोंग नावाची एक पर्वतरांग रेखाटली. ती प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हती, तरी जवळजवळ नव्वद वर्षे नकाशांवर टिकून राहिली.

मॅक्क्वीन कधीही आफ्रिकेत गेला नाही. स्कॉटलंडमधून तरुणपणी ग्रेनाडा बेटावर गेलेला हा माणूस उसाच्या मळ्यावर देखरेख करत होता, आणि त्याच्या हाताखाली राबणाऱ्या गुलामांपैकी काही जण नायजरच्या काठचे प्रदेश पाहून आलेले होते. त्यांच्याकडून ऐकलेली माहिती आणि पुढे मिळवलेल्या प्रवासवर्णनांतील तपशील यांची सांगड घालून त्याने १८२१ साली ठामपणे मांडले, की नायजर गिनीच्या आखातात समुद्राला मिळते. १८३० साली लँडर बंधू नदीतून प्रवास करत समुद्रापर्यंत पोचले आणि मॅक्क्वीनचे म्हणणे खरे ठरले. म्हणजे त्या काळातील एका मोठ्या भौगोलिक प्रश्नाच्या उत्तराचे काही धागे ग्रेनाडातल्या उसाच्या शेतात, बेड्या घालून आणलेल्या माणसांच्या आठवणीत होते. त्या माणसांची नावे भूगोलाच्या इतिहासात नाहीत.

याच मॅक्क्वीनने पुढे ग्लासगोतील एका वृत्तपत्राचा संपादक म्हणून गुलामगिरीच्या बाजूने वर्षानुवर्षे लेखणी चालवली. बर्म्युडात गुलाम म्हणून जन्मलेल्या मेरी प्रिन्स या स्त्रीची आत्मकथा १८३१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिला खोटी ठरवण्यासाठी त्याने जाहीर लेखातून तिच्या चारित्र्यावर चिखलफेक केली. नदीचा मार्ग सांगणाऱ्या गुलामाचा शब्द त्याला प्रमाण वाटला आणि फटक्यांचे वळ दाखवणाऱ्या गुलाम स्त्रीचा शब्द वाटला नाही. कोणाच्या शब्दाला ज्ञान म्हणायचे आणि कोणाच्या शब्दाला कांगावा, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न लॅम्बर्ट या एका आयुष्यातून उभा करतात. भूगोलाच्या विद्यार्थ्याला नकाशा वाचायला शिकवताना हा प्रश्न शिकवला नाही, तर त्याला नकाशाची अर्धीच बाजू शिकवली असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या परिचयाच्या दोन नावांकडे येऊ. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट यांच्याशिवाय आपला एकही भौगोलिक विचारांचा अभ्यासक्रम पूर्ण होत नाही. त्यांनी १८२६ साली क्यूबावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात गुलामगिरीवर कठोर टीका करणारे प्रकरण होते, आणि १८५६ साली अमेरिकेत निघालेल्या इंग्रजी अनुवादातून नेमके तेच प्रकरण गाळले गेले. हम्बोल्ट तेव्हा हयात होते आणि त्यांनी जाहीर निषेध केला. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ कार्ल सॉअर यांचा सांस्कृतिक भूदृश्याचा, म्हणजे माणसाने घडवलेल्या प्रदेशरूपाचा, सिद्धांत आपण परीक्षेत दहा गुणांना विचारतो. पण त्याच सॉअर यांनी १९६६ साली स्पॅनिश आक्रमणाने कॅरिबियनची भूमी आणि समाज कसा उद्ध्वस्त झाला यावर सबंध ग्रंथ लिहिला, याचा उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांत माझ्या पाहण्यात आलेला नाही. त्यामुळे मी जे मागतो आहे ते परके किंवा अचानक उपटलेले काही नाही. ते आपल्या विषयाच्या मुळाशीच आहे.

मॉन्टसेरात या कॅरिबियन बेटाचे उदाहरण आपत्ती व्यवस्थापनाच्या संदर्भात तुम्हाला अधिक जवळचे वाटेल. जुलै १९९५ मध्ये तेथील सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागा झाला, २५ जून १९९७ रोजी तप्त राखेच्या लोटाने १९ जणांचा बळी घेतला, प्लिमथ ही राजधानी राखेखाली गेली, बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग प्रवेशबंद झाला आणि सुमारे ११,००० लोकसंख्येपैकी निम्म्याहून अधिक माणसे बेट सोडून गेली. आपण ही घटना ज्वालामुखीच्या प्रकरणात शिकवू शकतो. परंतु ट्रेसी स्केल्टन या भूगोलतज्ज्ञ, ज्या उद्रेकाच्या आधीपासून त्या बेटावरील स्त्री-पुरुष संबंधांचा अभ्यास करत होत्या आणि पुढे सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, त्यांनी या आपत्तीची दुसरी बाजू दाखवली. मॉन्टसेरात ही ब्रिटनची वसाहत होती आणि आजही ब्रिटिश प्रदेशच आहे. असे असूनही १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने तेथील लोकांना ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नाकारला होता. ब्रिटनच्याच ताब्यातील फॉकलंड बेटांच्या रहिवाशांना १९८३ साली पूर्ण नागरिकत्व मिळाले. मॉन्टसेरातच्या लोकांना त्यासाठी २००२ पर्यंत थांबावे लागले. घर राखेखाली गेलेल्या माणसाने कुठे जायचे, हे केवळ लाव्हाच्या उतारावर ठरत नव्हते, ते लंडनमध्ये झालेल्या कायद्यावरही ठरत होते. हे कळले नाही तर धोकाप्रवणतेचा नकाशा अपुरा राहतो, आणि स्केल्टन यांना ते कळले, कारण ज्वालामुखी जागा होण्यापूर्वीच त्यांनी तिथली माणसे समजून घेतली होती.

संस्कृती हा शब्द आला की आपल्या बैठकांमध्ये 'हे समाजशास्त्राचे काम' असा शेरा पडतो. जमैकातील डोंगरउतारावरचे मळे या शेऱ्याला उत्तर देतात. सपाट, सुपीक जमीन उसाखाली होती. गुलामांना पोटापुरते पिकवण्यासाठी मळेवाल्यांनी चढाची, खडकाळ जमीन सोडली. त्या तुकड्यांत गुलामांनी आफ्रिकेतून आलेले सुरणासारखे कंद लावले, उरलेले रविवारच्या बाजारात विकले, आणि त्या बाजारांनी बेटाची अंतर्गत व्यापारव्यवस्था उभी केली. बार्बाडोस मात्र बहुतांशी सपाट असल्याने जवळजवळ सगळी जमीन उसाने व्यापली, आणि असे तुकडे तिथे फारच थोडे राहिले. उतार, माती आणि पाऊस यांवरून दोन बेटांतील गुलामांच्या स्वायत्ततेत फरक पडला, हे याहून अधिक भौगोलिक काय असू शकते? सिल्विया विंटर या जमैकन विदुषीने १९७१ च्या एका निबंधात मळा आणि हा छोटा तुकडा यांना दोन परस्परविरोधी जीवनमूल्यांचे रूप मानले, आणि कॅनडातील कॅथरीन मॅककिट्रिक यांनी विंटर यांचे विचार थेट भूगोलात आणले.

भूगोलतज्ज्ञ पॅट नॉक्सोलो यांनी याच्याही पुढे जाऊन कादंबरी आणि नृत्य यांना भूगोलाची साधने मानले. मारिका प्रेझियुसो यांच्यासमवेत त्यांनी २०१३ साली ग्वादलुपच्या मरीझ काँदे आणि गयानाचे विल्सन हॅरिस यांच्या कादंबऱ्यांवर जो लेख लिहिला, तो अमेरिकन भूगोलतज्ज्ञांच्या संघटनेच्या मुख्य नियतकालिकात छापून आला. यातले हॅरिस हे कादंबरीकार होण्यापूर्वी ब्रिटिश गयानाच्या सरकारी खात्यात सर्वेक्षक होते. साखळी आणि थिओडोलाइट घेऊन अंतर्भागातील नद्या मोजत हिंडताना त्यांना जे दिसले, ते मोजणीच्या वहीत मावले नाही, म्हणून ते कथेत आले. त्यांनीच १९७० साली लिंबो नृत्यासंबंधी एक विचार मांडला. आडव्या दांडीखालून मागे झुकत, जमिनीला जवळजवळ टेकत जाणाऱ्या नर्तकाच्या शरीरात त्यांना गुलामांच्या जहाजातील तळघराची स्मृती दिसली, जिथे ताठ उभे राहण्याइतकीही जागा नव्हती. आपण 'अवकाश' ही संकल्पना व्याख्येने शिकवतो. एका नृत्याच्या वर्णनाने ती विद्यार्थ्याच्या अंगात उतरते, हा वर्गातला माझा अनुभव आहे.

एक प्रसंग इथे नोंदवणे मला भाग आहे. माझ्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीने पीएच.डी.साठी त्रिनिदादमधील होसेच्या मिरवणुकांचा विषय निवडला होता. होसे म्हणजे तिथल्या भारतीय मजुरांचा मोहरम. ताजियांच्या या मिरवणुकीत हिंदू मजूरही सामील होत. १८८४ साली वसाहत सरकारने या मिरवणुकांना शहरांत येण्यास मनाई केली, त्या मळ्यांच्या परिसरापुरत्या ठेवण्याचा हुकूम काढला, आणि ३० ऑक्टोबर रोजी हुकूम मोडून सॅन फर्नांडो शहराच्या वेशीवर आलेल्या जमावांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. किमान १६ माणसे मेली. मळ्यांच्या हद्दी, मिरवणुकींच्या वाटा आणि गोळीबाराच्या जागा जुन्या नकाशांवरून भौगोलिक माहिती प्रणालीत बसवण्याचा आराखडा तिने तयार केला होता. समितीपुढे सादरीकरण सुरू झाल्यावर दुसऱ्याच पानाला तिला सांगण्यात आले, की हा भूगोल नाही, इतिहास विभागाकडे जा. कोणाला शहराच्या रस्त्यावर येता येईल आणि कोणाला मळ्याच्या कुंपणात राहावे लागेल, हा प्रश्न भूगोलाचा नसेल, तर कोणाचा आहे? कॉलिन क्लार्क या ऑक्सफर्डच्या भूगोलतज्ज्ञाने जमैकाच्या राजधानीवर, किंग्स्टनवर, जसा ग्रंथ लिहिला, तसाच याच सॅन फर्नांडोतील भारतीय समाजावरही १९८६ साली लिहिला. तो आधार असतानाही त्या मुलीला शेवटी पर्जन्याच्या विचलनावर प्रबंध करावा लागला. पर्जन्याचा अभ्यास गौण आहे असे मी म्हणत नाही; परंतु तिला ज्या विषयाची ओढ होती, तो आपण तिच्या हातून काढून घेतला, याचे मला आजही वाईट वाटते.

महाराष्ट्राचा याच्याशी संबंध काय, असे काही सदस्य म्हणतील. गिरमिटिये प्रामुख्याने कलकत्त्याच्या आणि काही मद्रासच्या बंदरातून गेले, मुंबईहून नाही, हे मला मान्य आहे, आणि ओढूनताणून नाते जोडण्याची मला गरज वाटत नाही. पण रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी १८३० साली लंडनमध्ये स्थापन झाली आणि लगेच पुढच्याच वर्षी मुंबईत भौगोलिक संस्था उभी राहून तिची शाखा बनली. मॅक्क्वीनच्या काळातले हेच ते संस्थाजाळे. आपला विषय इथे कोणत्या वाटेने आला, हे समजून घ्यायचे तर त्या वाटेवरची इतर ठिकाणेही पाहावी लागतील. आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांत कॅरिबियन अपरिचित नाही. १९७१ च्या दौऱ्यात सुनील गावसकरांनी ७७४ आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२ धावा काढल्या, तेव्हा त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकाने गावसकरांवर कॅलिप्सो रचले, हे आजोबांकडून ऐकलेली मुले माझ्या वर्गात आहेत. सार्वजनिक घटना गाण्यात नोंदवून ठेवण्याची ही कॅलिप्सोची परंपरा अभ्यासाचे साधन म्हणून शिकवायला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही.

साधनांच्या टंचाईची सबब आता उरलेली नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने तयार केलेली ब्रिटिश गुलाममालकांची माहितीसूची, गुलामवाहू जहाजांच्या फेऱ्यांची सूची आणि कॅरिबियनचे डिजिटल ग्रंथालय ही तिन्ही इंटरनेटवर मोफत उघडतात. १८३४ साली गुलामगिरी रद्द झाल्यावर मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली गेली आणि गुलामांना काहीच मिळाले नाही. ती भरपाई कोणत्या मळ्यासाठी कोणाला मिळाली, हे पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी स्वतः शोधून नकाशावर मांडू शकतो. तांत्रिक कौशल्य आणि मानवी प्रश्न यांची फारकत करण्याचे काही कारण नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागेल. २०१७ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या वार्षिक परिषदेचा मुख्य विषयच भौगोलिक ज्ञानाचे निर्वसाहतीकरण, म्हणजे वसाहतवादी चौकटीतून त्याची सुटका, हा होता, आणि त्या वेळी नॉक्सोलो, पॅट्रिशिया डेली, मार्गारेट बायरन आदी भूगोलतज्ज्ञांनी बजावले, की ज्यांनी वसाहतवाद भोगला त्यांना बाजूला ठेवून हा शब्द मिरवला, तर जुनीच उतरंड नव्या नावाने टिकेल. आपणही हा विषय केवळ ब्रिटिश विद्यापीठांच्या नजरेतून घेऊ नये. वेस्ट इंडीज विद्यापीठाचे जमैकातील मोना आणि त्रिनिदादमधील सेंट ऑगस्टीन हे परिसर आहेत. मोना येथे भूगोल आणि भूविज्ञान यांचा संयुक्त विभाग आहे. आपल्या विद्यापीठांचे परदेशी सहकार्याचे करार पाहता तिथे एक पत्र पाठवणे अवघड नाही.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. पदव्युत्तर वर्गाच्या भौगोलिक विचारधारेच्या विषयात किमान एक घटक वसाहतोत्तर भूगोलाला द्यावा आणि त्यात मॅक्क्वीनचा नकाशा, जमैकाचे डोंगरउतार आणि मॉन्टसेरात ही तीन उदाहरणे नावानिशी घालावीत, कारण 'अलीकडील प्रवाह' असे मोघम लिहिले की तो भाग वर्गात शिकवला जात नाही आणि परीक्षेत विचारलाही जात नाही. संशोधन मान्यतेच्या समित्यांना लेखी कळवावे, की साहित्य, संगीत, नृत्य आणि अभिलेख यांवर आधारलेला मानवी भूगोलाचा प्रस्ताव केवळ त्या कारणाने परत पाठवता येणार नाही. या घटकाचे वाचनसाहित्य मराठीत उपलब्ध व्हावे, कारण आपल्या ग्रामीण महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी मराठीतून लिहितात, आणि इंग्रजी ग्रंथांची यादी पाठवून त्यांची सोय होत नाही. असे वाचनसाहित्य मी आणि माझे काही सहकारी लिहीत आहोत. पहिल्या दोन प्रकरणांचा मसुदा तयार आहे. आपल्यापैकी कोणत्याही मंडळाने मागितला, तर तो विनामूल्य आणि कोणत्याही अटीविना पाठवू, आणि पुढील बैठकीत त्यावर चर्चा होणार असेल, तर तिथे येऊन प्रश्नांना उत्तरे देण्याचीही आमची तयारी आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
भूगोलाचा एक अध्यापक